झेल

आश्लेषाचा हात ग्लासापर्यंत पोचलाच नाही. ताकाचा ग्लास तिच्या ताटाच्या डाव्या बाजूला होता, तिने सवयीने न बघता हात पुढे केला आणि बोटं ग्लासाच्या बरीच अलीकडे, नुसत्या हवेवर मिटली. क्षणभर ती तशीच मिटलेली राहिली. मग हात आणखी पुढे सरकला, काचेला लागला, आणि काही झालंच नाही अशा थाटात तिने ग्लास उचलून तोंडाला लावला. रत्नाताईंच्या ओहायोतल्या डब्लिनमधल्या त्या लांबलचक डायनिंग टेबलापाशी बाकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही. रत्नाताई भाचीसाठी मुद्दाम केलेलं श्रीखंड वाढत होत्या. श्रीराम कालची मॅच बहिणीला परत एकदा सांगत होता, चमचा हॉकी स्टिकसारखा धरून. सुलेखाने मात्र पाहिलं. आणि आईने पाहिलं, हे आश्लेषाने पाहिलं. ग्लासाच्या काठावरून सुलेखाकडे रोखून बघत तिने मान अगदी किंचित हलवली. नाही. बोलायचं नाही.

सुलेखाने हातातली पुरी एकदम मोडली. भीती असावी, असं तिला आधी वाटलं. पण भीतीने तिचे हात गार पडत, हे तिला माहीत होतं, आणि आत्ता ते तापले होते. पुरीचा तुकडा तिने ताटात इतक्या जोरात दाबला की त्याचा चुरा झाला. तो हात तसा चुकणारा नव्हताच. देशभरातल्या कॉलेजांमधून चार संघ इथे कोलंबसला आले होते, काल दोन उरले होते, उद्या दुपारी फायनल होती, आणि या सगळ्या स्पर्धेत पेपरांनी जर कशाबद्दल लिहिलं असेल तर ते आश्लेषाच्या डाव्या हाताबद्दल. ती आइस हॉकीची गोली, म्हणजे गोलरक्षक होती. चामड्याच्या भल्याथोरल्या ग्लव्हमधला तिचा तो हात, डोळ्याला नीट दिसायच्या आत येणारी काळी रबरी चकती अशी उचलायचा की जणू ती तिथे आधीपासून ठेवलेलीच होती. आणि आज तोच हात एका जागी ठेवलेल्या ग्लासाला चुकला होता.

"दुसरी कुणी असती ना ताई, स्ट्रेचरवरून गेली असती," श्रीराम सांगत होता. "ती समोरची मुलगी फुल स्पीडमध्ये येऊन हिच्यावर आदळली. दोघी गोलमध्ये! हिचं डोकं त्या लोखंडी पोस्टवर असं आपटलं, आम्हाला वरपर्यंत आवाज आला. मला वाटलं, संपलं. आणि ही उठली! उठली, मास्क सारखा केला, आणि ओव्हरटाइममध्ये असला सेव्ह मारला... टफ आहे यार आपली पोरगी. जाम टफ."

"बाई गं," रत्नाताई म्हणाल्या. "दुखलं नाही का गं?"

"नाही आत्या, आय ॲम फाइन," आश्लेषा म्हणाली आणि हसली. खिडकीतून मार्चचं पांढरं ऊन टेबलावर पडलं होतं. खिडकीच्या बाजूचा डोळा ती जरासा मिटून घेत होती, हे सुलेखाला आता दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेनासं झालं.

जेवण झाल्यावर तिने लेकीला वरच्या खोलीत गाठलं. आश्लेषा पडदे ओढून पलंगाच्या कडेवर बसली होती, दोन्ही तळहात गुडघ्यांवर, पाठ ताठ. लहानपणी ताप आला की ती अशीच बसायची. आडवं पडलं तर आजारी आहोत हे कबूल करावं लागेल म्हणून.

"किती दिसतात तुला?" सुलेखाने दार लावून विचारलं.

"आई, डोन्ट."

"किती दिसतात?"

"कधीकधी दोन. नेहमी नाही. आत्ता एकच आहेस." ती पुन्हा हसायला गेली. "काल त्यांनी बर्फावरच चेक केलं. कुठला पिरियड, स्कोअर काय, सगळं सांगितलं मी. आय पास्ड."

"आणि आज? आज कुणाला सांगितलंस?"

एकदम घाईघाईने, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी, आश्लेषाने बोलायला सुरुवात केली. एकच मॅच उरली होती. उद्यानंतर ती आयुष्यात परत अशी खेळणार नव्हती. जूनमध्ये नोकरी सुरू होणार होती, बोस्टनला, कुठल्याशा लॅबमध्ये. हॉकी उद्या संपणारच होती. फक्त ती कशी संपायची, एवढंच ती मागत होती. "तूच मला प्रॅक्टिसला न्यायचीस ना, अंधारात उठून? थर्मास घेऊन त्या थंडीत बसायचीस. कशासाठी बसायचीस मग? प्रॉमिस कर. आई, लुक ॲट मी. प्रॉमिस कर, कोचला सांगणार नाहीस."

सुलेखाने प्रॉमिस केलं नाही. तिने लेकीच्या कपाळावर हात ठेवला, तर आश्लेषाने डोकं झटकन मागे घेतलं आणि त्या झटक्यानेच तिचा चेहरा पांढरा पडला. तरीही तोंडातून आवाज नाही. दात दातांवर आणि बाहेर काही नाही. हे ती कुठे शिकली? सुलेखा जिना उतरताना स्वतःशी विचारत होती आणि उत्तर तिला माहीत होतं, म्हणूनच तिचा राग वाढत होता. सांगलीच्या घरात पद्मिनीमावशी कपाळाला सुती पट्टी करकचून बांधून ओट्यापाशी उभी असायची. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली, कारण उजेड सहन व्हायचा नाही. आत शिरलं की फोडणीचा धूर आणि अमृतांजनाचा वास एकत्र यायचा. कुणी विचारलं तर ती म्हणायची, काही नाही गं, थोडंसं कणकणतंय. एका दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर, भांडी विसळून पालथी घातल्यावर, ती मागच्या खोलीत जाऊन पडली आणि उठलीच नाही. आणि मग दहा-बारा दिवस येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तेच बोलत होता, फार सोशिक हो, शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. किती कौतुकाने बोलत होते ते! मावशीचे यजमानसुद्धा. शाळकरी सुलेखा दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि तिला वाटत होतं की समोरचे चहाचे कप एकेक करून या लोकांच्या अंगावर फेकावेत. कळू दिलं नाही म्हणजे काय? पट्टी दिसत नव्हती? बंद खिडकी दिसत नव्हती? पुढे ती पुण्याला शिकली, लग्न करून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आली, औषधांच्या कंपनीत आकडेमोडीची नोकरी करू लागली, आणि तिला वाटलं होतं की तो ‘सोशिक’ शब्द मागे राहिला. मग बर्फाच्या रिंकच्या काचेपाशी उभे असलेले गोरे आईबाप तिला म्हणू लागले, युवर डॉटर इज सो टफ. आणि तिला ते ऐकताना बरं वाटायचं. तोच शब्द होता तो. नुसता जर्सी घालून आला होता.

आश्लेषाला टीमच्या हॉटेलवर सोडून परतताना गाडीत तिने श्रीरामला सगळं सांगितलं. ग्लास, डोळा, दोन-दोन दिसणं. गाडीच्या मागच्या काचेवर त्याने कॉलेजचा झेंडा लावला होता, तो वाऱ्याने फडफडत होता, आणि त्या आवाजाने सुलेखाला वेड लागायची पाळी आली होती.

"त्यांचे डॉक्टर आहेत ना," श्रीराम म्हणाला.

"डॉक्टरला ती सांगत नाहीये."

"मग तिचा डिसिजन आहे तो. बावीस वर्षांची आहे, सुलेखा. तिच्या डोक्याची मालक ती आहे."

"आठव्या वर्षी तुला तिचा डिसिजन नको होता. तेव्हा मुलींनी हे खेळायचं नसतं म्हणालास."

"ते वेगळं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं." त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. "आणि आता माहीत झालंय तर तू मला हे सांगतेस! पूर्ण आयुष्य मी या देशात कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्यात. ऑफिसात, शेजारी, सगळीकडे. काल पहिल्यांदा एवढा मोठा हॉल माझ्या मुलीसाठी उभा राहिला. एक दिवस. एक दिवस तू गप्प बसू शकत नाहीस?"

त्याचा आवाज फाटला होता. त्याला रडू येत होतं हे तिला कळलं, आणि एरवी तिने त्याच्या दंडावर हात ठेवला असता. आज तिला त्याच्या रडण्याचाही राग आला. त्याला हॉल दिसत होता. त्या हॉलच्या मधोमध एक डोकं होतं, आणि ते कवटीच्या आत कुठेतरी हललं होतं, आणि ते तिने नऊ महिने स्वतःच्या पोटात वाढवलं होतं. टाळ्यांसाठी वाढवलं नव्हतं.

संध्याकाळी ती एकटीच हॉटेलवर गेली आणि लॉबीत कोचला भेटली. कोच उंच, पिकल्या केसांची, शांत बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे मधे मान हलवली. मग ती म्हणाली की आश्लेषाची तपासणी झालेली आहे, स्वतः आश्लेषा काही तक्रार करत नाही, सकाळच्या प्रॅक्टिसमध्ये ती उत्तम खेळली. प्रॅक्टिस हलकी होती, सुलेखा म्हणाली, कुणी तिच्यावर जोरात शॉट मारलेच नाहीत, मी वर बसून बघत होते. कोचने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आई म्हणून तुम्हाला काय वाटतंय ते मी समजू शकते, ती म्हणाली. पण इतक्या वर्षांत मी इतकी टफ मुलगी पाहिलेली नाही. आणि ती हसली. मनापासून हसली, हेच सर्वांत वाईट होतं. त्या हसण्यात कपट असतं तर सुलेखाला ओरडता आलं असतं. पण ते पद्मिनीमावशीच्या घरी सांत्वनाला आलेल्या बायकांसारखं स्वच्छ, कौतुकाचं हसू होतं. आपलं इंग्लिश अशा वेळी शाळेतल्या निबंधासारखं होतं, हे सुलेखाला जाणवत होतं. व्याकरण बरोबर आणि वजन काहीच नाही. मराठीत तिने या बाईला उभं चिरलं असतं.

रविवारी सकाळी हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये टीमचा नाश्ता होता आणि घरच्या लोकांनाही बोलावलं होतं. श्रीराम जर्सी घालून आला होता, दुसऱ्या मुलींच्या वडिलांशी हात मिळवत हिंडत होता. गोल टेबलांभोवती मुली बसल्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या जॅकेटमध्ये, मोठ्याने बोलत, आणि त्यांच्यात खिडकीकडे पाठ करून, टोपी डोळ्यांवर ओढून आश्लेषा. शेजारी मेगन, टीमची ट्रेनर, जी मुलींच्या दुखापती बघायची. पलीकडे कोच. सुलेखा फळांच्या टेबलापाशी उभी राहिली. वेताच्या टोपलीत संत्री रचून ठेवली होती. तिने एक उचललं. ते गार आणि जड होतं, हाताच्या मापाचं, आणि ते हातात येताच आपण काय करणार आहोत हे तिला कळलं. कॅरीच्या घरात, आश्लेषा जेमतेम ओट्याएवढी असताना, बाजारातून आलेल्या पिशव्या रिकाम्या करायचा त्या दोघींचा खेळ होता. सुलेखा पाठमोरी राहून कांदा, लिंबू, बटाटा, जे हाताला लागेल ते खांद्यावरून मागे टाकायची आणि फक्त ओरडायची, झेल! आणि पोरगी झेलायची. स्टुलावरून, फ्रिजच्या दारामागून, हसत, पडत, पण झेलायची. मेणबत्तीच्या उजेडातसुद्धा, एकदा वादळात वीज गेली होती तेव्हा. कुठल्याही कोचच्या आधी तो हात सुलेखाने घडवला होता. तो शब्द त्या दोघींचा होता, श्रीरामलासुद्धा त्यात वाटा नव्हता. असं करू नये, तिच्या मनात आलं. याने नको. पण बाकी सगळे शब्द तिने वापरून झाले होते आणि ते कुणी ऐकले नव्हते.

"आशू!" ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली. "झेल!"

डावा हात लगेच वर गेला. त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. संत्रं सरळ, हळू, पाच वर्षांच्या पोराला टाकावं तसं गेलं, हाताच्या शेजारून निघून आश्लेषाच्या गालावर आदळलं आणि तिच्या ताटातल्या अंड्यांमध्ये पडलं. एक मुलगी हसली. मग तिचं हसू अर्ध्यात थांबलं. टेबलाभोवतीचं बोलणं विझत गेलं आणि तो उघडा हात तसाच हवेत राहिला. सगळ्यांना दिसत होता. या मुलींनी चार वर्षं त्या हाताच्या भरवशावर काढली होती. आश्लेषाने टोपीखालून आईकडे पाहिलं. त्या नजरेत दुखणं नव्हतं. भर चौकात अंगावरचं कापड कुणी ओढून घ्यावं तशी ती नजर होती. "मॉम," ती म्हणाली. बोलायला लागल्यापासून तिने सुलेखाला कधी मॉम म्हटलं नव्हतं.

मेगन खुर्ची मागे सारून उठली होती. ती आश्लेषासमोर गुडघ्यांवर बसली, एक बोट तिच्या डोळ्यांपुढे धरलं आणि सावकाश बाजूला नेलं. पुन्हा नेलं. मग ती कोचकडे वळली आणि नकारार्थी मान हलवली. कोचने सुलेखाकडे पाहिलं. आता ती हसत नव्हती. सुलेखाने तिच्यावरची नजर काढली नाही. बघ, तिला म्हणायचं होतं, नीट बघ, ही तुझी टफ मुलगी. पण कोचच्या पलीकडे श्रीराम उभा होता, हातातली कॉफी जर्सीवर सांडलेली, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. जोराचा कन्कशन आहे, मेंदूला हादरा बसलाय, डॉक्टर म्हणाले, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, स्क्रीन नाही, आवाज नाही, आणि आज खेळण्याचा प्रश्नच येत नाही. अशा डोक्यावर आज पुन्हा मार बसला असता तर, असं सुरू केलेलं वाक्य त्यांनी आश्लेषाकडे बघून तिथेच सोडलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये श्रीराम म्हणाला, "स्कॅन क्लीन आहे. ऐकलंस ना? क्लीन." जणू सुलेखाची चोरी पकडली होती. रक्त निघालं असतं तर तू मला माफ केलं असतंस का, असं तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं नाही, तिने ते विचारलं.

दुपारी आश्लेषा रत्नाताईंच्या वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळपासून ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. खिडकीवर रत्नाताईंनी जाड चादर लावली होती. सुलेखा दाराजवळ जमिनीवर बसली होती, फोन ओढणीत गुंडाळलेला, आवाज बंद, उजेड अगदी कमी. खाली श्रीराम आणि रत्नाताई टीव्हीसमोर होते. मॅच सुरू झाली आणि बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला.

"स्कोअर?"

"एक-एक."

"ब्रिजेट कशी आहे?" ब्रिजेट म्हणजे तिच्या जागी उभी केलेली दुसरी गोली. चार वर्षं बाकावर बसलेली.

"घाबरलीये. खूप मागे राहतेय."

"सांग. सगळं सांग. नुसता स्कोअर नको."

सुलेखा सांगू लागली. कुणी पास दिला, कोण पडली, कोण शिक्षा म्हणून दोन मिनिटांसाठी बाहेर गेली. इतक्या वर्षांच्या थंडीत काचेमागे बसून हा खेळ तिच्या अंगात मुरला होता. आश्लेषा मधे मधे हुंकार द्यायची, एकदा म्हणाली, तिला सांग पुढे ये, पुढे ये, आणि मग आपण कुणाला सांगतोय हे कळून गप्प झाली. तिसऱ्या पिरियडमध्ये दोन-दोन होतं. मग समोरच्या संघातली, निळ्या जर्सीतली एक मुलगी डावीकडून आत घुसली. सुलेखाचं बोलणं थांबलं.

"काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. निदान मिनिटभर.

"गेला."

"कुठून?"

"डावीकडून. वरच्या कोपऱ्यात."

"माझ्या हाताच्या बाजूला," आश्लेषा म्हणाली. "मी घेतला असता तो."

"परवा घेतला असतास. आज नाही."

आश्लेषा वळली. अंधारात तिचे डोळे दिसत नव्हते. "मला तू आत्ता इथे नको आहेस," ती अगदी शांत, स्वच्छ मराठीत म्हणाली.

सुलेखा उठून खाली आली. टीव्हीवर वेळ संपली होती, निळ्या जर्सीतल्या मुली एकमेकींवर उड्या मारत होत्या आणि ब्रिजेट गोलच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली होती. श्रीराम तिच्याकडे न वळता म्हणाला, "झालं समाधान?"

आणि मग सुलेखाचा आवाज तिचा राहिला नाही. ती काय ओरडली ते रत्नाताईंनाही नंतर धड सांगता आलं नसतं. समाधान, हो, समाधान, तू जर्सी घालून नाचत होतास आणि तिला दोन-दोन बाप दिसत होते! श्रीरामही उठून ओरडू लागला, तू तिला सगळ्यांसमोर नागडं केलंस, तू तिची आई आहेस की कोण आहेस. रत्नाताई मधे येऊन दोघांचे हात धरत होत्या. टीव्हीवरचे ढोल वाजतच होते.

"माझं डोकं दुखतंय!"

वरून आला तो आवाज. दार उघडून, जिन्याच्या कठड्याला धरून आश्लेषा उभी होती, डोळे गच्च मिटलेले, आणि बावीस वर्षांत घरच्या कुणी ऐकला नव्हता अशा कर्कश, लहान मुलीसारख्या आवाजात ती ओरडत होती. "दुखतंय! कळत नाही का तुम्हाला? शुक्रवारपासून दुखतंय! खूप दुखतंय, खूप, खूप!" ती रडत होती, नाक वाहत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती.

श्रीरामने धडपडत रिमोट शोधून टीव्ही बंद केला. "आशू, शू, शू, बाळा, हळू," तो म्हणू लागला.

"गप्प बस," सुलेखा त्याला म्हणाली. पहिल्या पायरीवर तिचा पाय पडला होता. "ओरडू दे तिला."